‘गुण’ आणि ‘त्रुटी’ यांच्या मध्ये हरवलेला मेंडेलीव्ह

आवर्तसारणीचा धडा तुम्ही किमान तीनदा वाचलेला असतो. दहावीत, अकरावीत आणि बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला. नेट-सेट, गेट किंवा जॅमची तयारी चालू असेल तर चौथ्यांदा. तरी पीएचडीच्या मुलाखतीत एक साधा प्रश्न आला की गाडी अडते. टेल्युरियमचं अणुवस्तुमान आयोडीनपेक्षा जास्त, मग मेंडेलीव्हने त्याला आयोडीनच्या आधी का बसवलं? ‘गुणधर्मांना प्राधान्य दिलं’ इथपर्यंत सगळे येतात. पुढचा प्रश्न असतो: ठीक, मग त्या अणुवस्तुमानाचं त्याने काय केलं? ते बरोबर मानलं की चूक? आणि कशाच्या जोरावर? इथे खोलीत शांतता पसरते.

या शांततेचा दोष मी विद्यार्थ्यांना देत नाही. तो धड्याचा आहे. म्हणून आज त्या धड्याचंच परीक्षण करायचं ठरवलं आहे. पुस्तक कुठलंही घ्या, मांडणी सारखीच असते: डोबेरायनरची त्रिके, न्यूलँड्सची अष्टके, मग मेंडेलीव्हची सारणी, तिचे गुण, तिच्या त्रुटी, मग मोस्ले आणि आधुनिक सारणी. परीक्षेत ‘गुण’ आले तर चार मुद्दे, ‘त्रुटी’ आल्या तर तीन मुद्दे. माझं म्हणणं एवढंच आहे की या दोन मथळ्यांच्या मध्ये खरं रसायनशास्त्र गळून पडलंय. एखादा आकडा आणि एखादा नमुना एकमेकांशी भांडायला लागले, की कोणावर विश्वास ठेवायचा? मेंडेलीव्ह आयुष्यभर हा प्रश्न सोडवत होता. धड्यात तो प्रश्न म्हणून येतच नाही.

आधी जे चांगलं आहे ते. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानात हा धडा ठेवला आहे, आणि मराठी पारिभाषिक शब्द नीट वापरून ठेवला आहे. एनसीईआरटीने २०२३ च्या छपाईत दहावीतून तो अख्खा काढला. अकरावीत आहे, हे खरं. पण दहावीनंतर विज्ञान सोडणाऱ्या मुलांनी ही सारणी कशी उभी राहिली हे कधीच वाचायचं नाही, असा त्याचा अर्थ होतो. त्यामुळे पुढे जी तक्रार करते आहे ती ‘धडा काढा’ म्हणणाऱ्यांच्या बाजूची नाही, हे लक्षात ठेवा.

पहिली तक्रार मांडणीची. डोबेरायनर, न्यूलँड्स, मेंडेलीव्ह हा क्रम रिले शर्यतीसारखा वाचला जातो. पहिल्याला थोडं जमलं, दुसऱ्याला जरा जास्त, तिसऱ्याने बाजी मारली. पण वर्षं बघा. डोबेरायनरची त्रिके १८२९ ची. त्यानंतर तीस-पस्तीस वर्षं फारशी हालचाल नाही, आणि मग १८६२ ते १८६९ या सात वर्षांत सहा जण जवळजवळ तीच गोष्ट घेऊन येतात: फ्रान्समध्ये द शांकूर्तवा, इंग्लंडमध्ये न्यूलँड्स आणि ओडलिंग, अमेरिकेत हिनरिक्स, जर्मनीत लोथार मायर आणि रशियात मेंडेलीव्ह. सात वर्षांत सहा हुशार माणसं योगायोगाने जन्माला येत नाहीत. मधे काहीतरी घडलेलं असणार.

ते घडलं सप्टेंबर १८६० मध्ये, जर्मनीतल्या कार्ल्सरूहे गावी. तोपर्यंत रसायनज्ञांमध्ये अणुवस्तुमानांबद्दल एकमतच नव्हतं. कोणी ऑक्सिजन ८ धरायचा, कोणी १६. पाण्यात एका ऑक्सिजनमागे हायड्रोजन एक की दोन, यावरून वाद. अशा आकड्यांची तुम्ही कितीही सुंदर रांग लावा, नमुना दिसणार कसा? कार्ल्सरूहेच्या परिषदेत इटलीच्या कानिझारोने अव्होगाड्रोचा विचार पुन्हा मांडला, आणि वाफेच्या घनतेवरून अणुवस्तुमानं सुसंगतपणे कशी काढायची ते सांगणारी त्याची पुस्तिका तिथे वाटली गेली. त्या सभेला तरुण मेंडेलीव्ह हजर होता, लोथार मायरही हजर होता. पुढे जे झालं त्याचं मूळ इथे आहे. माझ्या मते धड्यातली ही सर्वांत मोठी गाळलेली जागा आहे. डोबेरायनरकडे बुद्धी कमी नव्हती, विदा खराब होता. संशोधनात येणाऱ्या माणसाला हे कळायला हवं की कधीकधी सिद्धांत अडकतो तो मोजमापामुळे, आणि मोजमाप सुधारलं की तोच विचार सहा ठिकाणी एकदम फुटतो.

(न्यूलँड्सला १८६६ मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीत कोणीतरी विचारलं होतं, की मूलद्रव्यं आद्याक्षरांप्रमाणे लावून पाहिलीत का. ही गोष्ट हसून सांगितली जाते. मला त्यात प्रश्न विचारणारा अगदीच मूर्ख वाटत नाही. ‘तुमचा नमुना योगायोगाने दिसत नाहीये कशावरून?’ हाच तो प्रश्न, फक्त खवचटपणे विचारलेला.)

दुसरी तक्रार चित्राची. पुस्तकात छापतात ती मेंडेलीव्हची सारणी बहुधा १८७१-७२ च्या वळणाची असते: आठ गण, रिकाम्या जागा नीट आखलेल्या. १८६९ चं त्याचं पहिलं पान कधी शोधून बघा. त्यावर प्रश्नचिन्हांची गर्दी आहे. ४५, ६८, ७०, १८० या आकड्यांपुढे मूलद्रव्यच नाही, नुसतं प्रश्नचिन्ह. टेल्युरियमच्या १२८ ला प्रश्नचिन्ह. इंडियमला प्रश्नचिन्ह. युरेनियम चक्क ११६ वर, कॅडमियम आणि कथिलाच्या मध्ये बसलेलं! ते पान म्हणजे निष्कर्षाचा कागद नव्हे. आपण ग्रुप मीटिंगला जो अर्धवट आलेख घेऊन जातो, त्याची आठवण करून देणारा तो कागद आहे. पुस्तकाने प्रश्नचिन्हं पुसली आणि तिथेच विद्यार्थ्याला कळायचं राहिलं की हा माणूस नेमकं काय करत होता.

आता मुख्य मुद्द्याकडे येते, आणि इथे जरा थांबणार आहे. बेरिलियम घ्या.

धड्यात मेंडेलीव्हच्या ‘गुणां’मध्ये एक ओळ असते: काही मूलद्रव्यांची अणुवस्तुमानं त्याने दुरुस्त केली, उदाहरणार्थ बेरिलियमचं १४ वरून ९ केलं. एक ओळ, एक गुण, पुढे चला. पण ‘दुरुस्त केली’ म्हणजे काय केलं? नव्याने मोजलं का? नाही. आपल्यापैकी कोणी असं केलं असतं तर गाइडने काय म्हटलं असतं?

त्या काळी प्रयोगातून थेट मिळायचं ते इक्विव्हॅलंट वेट, म्हणजे आठ ग्रॅम ऑक्सिजनशी धातूचे किती ग्रॅम जुळतात तो आकडा. बेरिलियमसाठी तो साधारण ४.५ येतो. अणुवस्तुमान हवं असेल तर त्याला संयुजेने गुणायचं. आणि संयुजा तर वजनकाट्यावर दिसत नाही, ती ठरवावी लागते. बेरिलियम रासायनिक वागणुकीत ॲल्युमिनियमसारखं; तेव्हा बर्झेलियससारख्या मोठ्या माणसाने त्याची संयुजा ॲल्युमिनियमसारखीच ३ धरली. ४.५ गुणिले ३ म्हणजे १३.५, ढोबळ मानाने १४. आता सारणीत बघा: कार्बन १२, नायट्रोजन १४. मधे जागा नाही. संयुजा २ धरली तर ९. लिथियम ७, बोरॉन ११, मधली खुर्ची रिकामी. संयुजा २ ही कल्पनाही मेंडेलीव्हची स्वतःची नव्हती. रशियातच अवदेयेव्हने १८४२ मध्ये ती मांडली होती. म्हणजे मेंडेलीव्हने मोजलेला आकडा बदललाच नाही. त्या आकड्याला कितीने गुणायचं, याबद्दलचा निर्णय त्याने सारणीच्या आधारे बदलला. ‘अणुवस्तुमान दुरुस्त केलं’ या वाक्यात हा फरक पूर्ण हरवतो. आणि संशोधनात हाच फरक जिवाभावाचा आहे: कच्चा विदा कुठे संपतो आणि त्याचा अर्थ लावणं कुठे सुरू होतं.

इथपर्यंत मेंडेलीव्हचा विजय वाटतो. पण गोष्ट संपलेली नाही. स्वीडनच्या निल्सन आणि पेटर्सन यांनी बेरिलियम धातूची विशिष्ट उष्णता मोजली. ड्यूलाँग आणि पेटिट यांचा नियम तेव्हा चांगला स्थिरावलेला होता: घन मूलद्रव्याची विशिष्ट उष्णता गुणिले अणुवस्तुमान जवळपास स्थिर येतं. आजच्या एककांत सुमारे २५ जूल प्रति मोल प्रति केल्व्हिन. बेरिलियमची विशिष्ट उष्णता आजच्या मोजमापाने प्रति ग्रॅम १.८२ जूल. ९ ने गुणा: १६.४. नापास. १३.५ ने गुणा: २४.६. पास! एक स्वच्छ, स्वतंत्र, तोवर भरवशाचा नियम सांगतोय की मेंडेलीव्ह चुकला. निल्सन आणि पेटर्सन यांनी तसंच म्हटलं, आणि त्या क्षणी त्यांचं म्हणणं मला तरी पूर्ण वाजवी वाटतं.

मग निकाल कसा लागला? त्याच दोघांनी बेरिलियम क्लोराइडची वाफ करून तिची घनता मोजली, १८८४ मध्ये. बेरिलियमची संयुजा २ असेल तर रेणुवस्तुमान ९ अधिक ७१, म्हणजे ८०. संयुजा ३ असेल तर १३.५ अधिक १०६.५, म्हणजे १२०. दोन आकड्यांत एवढं अंतर, की थोडीफार प्रायोगिक चूक झाली तरी निकाल फिरणार नाही. उत्तर ८० च्या बाजूने आलं आणि त्यांनी आपलं मत जाहीरपणे बदललं. यातला निल्सन कोण, माहीत आहे? स्कॅंडियम शोधणारा. मेंडेलीव्हने वर्तवलेलं ‘एका-बोरॉन’ १८७९ मध्ये ज्याने प्रत्यक्षात आणलं, तोच माणूस बेरिलियमवर त्याच्या विरोधात उभा होता. एका भाकितावर मत पटलं म्हणून दुसऱ्यावर डोळे झाकून सही करायची नाही, ही त्या माणसाची शिस्त मला फार आवडते.

आणि ड्यूलाँग-पेटिट का फसला? हलक्या, घट्ट बांधलेल्या घन पदार्थांत खोलीच्या तापमानाला अणूंची कंपनं पूर्ण जागीच झालेली नसतात. याचं स्पष्टीकरण यायला आइन्स्टाइनचा १९०७ चा शोधनिबंध लागला. हिरा आणि बेरिलियम दोघंही याच कारणाने नियम मोडतात. म्हणजे १८८० मध्ये नियम का फसतोय हे कोणालाच सांगता आलं नसतं. तरीही योग्य प्रयोग निवडून निकाल लावता आला. कारण माहीत नसतानाही पुरावा मिळू शकतो, हे लॅबमध्ये रोज उपयोगी पडतं.

आता टेल्युरियम, म्हणजे मुलाखतीतला तो प्रश्न. टेल्युरियम १२८, आयोडीन १२७. वजनाप्रमाणे लावलं तर टेल्युरियम हॅलोजनांत जाऊन बसतं आणि आयोडीन गंधकाच्या कुटुंबात. हे रसायनशास्त्राच्या दृष्टीने हास्यास्पद आहे, म्हणून मेंडेलीव्हने अदलाबदल केली. पण त्याने ‘वजन महत्त्वाचं नाही’ असं कधीही म्हटलं नाही! त्याच्या लेखी वजन हाच पाया होता. तो म्हणाला, टेल्युरियमचं वजन चुकीचं मोजलंय. खरं वजन १२३ ते १२६ च्या मध्ये असणार. बेरिलियमच्या वेळी जी हिंमत केली तीच इथेही.

प्रागच्या बोहुस्लाव्ह ब्राउनरने हे मनावर घेतलं. तो मेंडेलीव्हचा कट्टर समर्थक. वर्षानुवर्षं टेल्युरियम शुद्ध करत राहिला, आकडा काही खाली येईना. शेवटी त्याने शंका मांडली की टेल्युरियम हे शुद्ध मूलद्रव्यच नसावं, त्यात काहीतरी जड मिसळलेलं असावं. तेही सापडलं नाही. आजचे आकडे: टेल्युरियम १२७.६, आयोडीन १२६.९. मोजमाप मुळातच बरोबर होतं.

म्हणजे जागा बरोबर, कारण चूक. धड्याच्या ‘गुण’ आणि ‘त्रुटी’ या दोन खणांत ही गोष्ट कुठल्या खणात टाकाल? पुस्तकं कधी ती गुणांत टाकतात (गुणधर्मांना मान दिला), कधी त्रुटींत (चढता क्रम मोडला). दोन्हीकडे मूळ गोष्ट निसटते: एकाच माणसाने, एकाच पद्धतीने, एकाच आत्मविश्वासाने दोन निर्णय घेतले, आणि त्यातला एक पूर्ण बरोबर निघाला, दुसरा अर्धा. आधीच कळायला काही मार्ग होता का? थोडासा होता, असं मला वाटतं. बेरिलियममध्ये तो संयुजा बदलत होता, म्हणजे पूर्णांकाने गुणण्याचा प्रश्न होता. तिथे चूक झाली तर ती दीडपट-दुप्पट मोठी असते आणि पकडता येते. टेल्युरियममध्ये संयुजेबद्दल वादच नव्हता. तिथे तो कुशल विश्लेषकांच्या वजनकाट्यावर अविश्वास दाखवत होता, तोही एक-दोन टक्क्यांसाठी. पहिल्या प्रकारच्या विसंगतीत अर्थ बदलायला वाव आहे, दुसऱ्या प्रकारात जवळजवळ नाही. स्वतःच्या विद्यातला एखादा बिंदू रेषेबाहेर पडला, की मी आता आधी हेच विचारते: हा कुठल्या प्रकारचा आहे?

टेल्युरियम जड का, हे तुम्हाला आज माहीत आहे. नैसर्गिक टेल्युरियममध्ये जवळजवळ दोन तृतीयांश अणू १२८ आणि १३० वस्तुमानांकाचे असतात, आणि आयोडीन निसर्गात एकाच प्रकारचं, १२७. प्रोटॉन एक कमी, पण न्यूट्रॉनांचं सरासरी ओझं जास्त.

आणि यावरून धड्यातली सर्वांत विचित्र ‘त्रुटी’. समस्थानिकांना मेंडेलीव्हच्या सारणीत जागा कशी द्यायची हे आव्हान होतं, असं लिहिलेलं असतं. समस्थानिकांची कल्पना सॉडीने मांडली १९१३ मध्ये. १८७१ च्या सारणीला १९१३ च्या गोष्टीबद्दल नापास करणं म्हणजे शिवकालीन नकाशात कोकण रेल्वे नाही म्हणून तक्रार करणं. पण त्याहून मोठी गंमत शब्दात आहे. समस्थानिक म्हणजे काय? सम स्थान असलेले. कुठलं स्थान? आवर्तसारणीतलंच! ग्रीक मूळ शब्दाचा अर्थही तोच. म्हणजे ज्या शब्दाचा जन्मच ‘हे सगळे सारणीतल्या एकाच घरात राहतात’ या निरीक्षणातून झाला, तोच शब्द पुस्तक त्रुटी म्हणून मांडतं. व्हिएन्नामध्ये हेवेशी आणि पानेथ यांनी ‘रेडियम-डी’ शिशापासून रासायनिक पद्धतीने वेगळं काढायचा खूप प्रयत्न केला आणि ते जमलं नाही, कारण ते शिसंच होतं. वस्तुमान वेगळं असूनही घर तेच, हे यातून पक्कं झालं. सारणीच्या मागचा ‘मूलद्रव्य’ हा विचार त्यातून तगला. वस्तुमान हा मात्र पाया म्हणून गेला. हे दोन वेगळे निकाल आहेत, आणि परीक्षेच्या उत्तरात ते एका ओळीत कोंबले जातात.

राजवायूंचं उलट होतं. तो मुद्दा ‘गुणां’मध्ये असतो: पुढे राजवायू सापडले तेव्हा बाकी सारणी न विस्कटता त्यांना वेगळा गण देता आला. ऐकायला किती सोपं वाटतं! रेलेने हवेतून मिळवलेला नायट्रोजन संयुगांतून मिळवलेल्या नायट्रोजनपेक्षा सुमारे अर्धा टक्का जड आहे हे पाहिलं, त्याचा पिच्छा पुरवला, आणि १८९४ मध्ये रेले आणि रॅम्झी यांनी आर्गॉन जाहीर केला. मेंडेलीव्हची प्रतिक्रिया? हे नवं मूलद्रव्य नसावं, तीन अणू जोडलेला नायट्रोजन असावा. कारण आर्गॉनचं वजन जवळपास ४०, पोटॅशियमचं ३९. पुन्हा तीच उलटी जोडी, आणि सारणीत जागाही नाही. शून्य गण स्वीकारायला त्याला १९०० च्या आसपास पर्यंत वेळ लागला. आपण ज्याला त्याच्या सारणीचा गुण म्हणतो, त्याला तो स्वतः पाच-सहा वर्षं धोका समजत होता. (आर्गॉन पोटॅशियमपेक्षा जड का, हे कळल्यावर मला फार मजा वाटली होती. हवेतला आर्गॉन जवळजवळ सगळा आर्गॉन-४० आहे आणि तो पृथ्वीवरच्या पोटॅशियम-४० च्या किरणोत्सारी क्षयातून तयार झालेला आहे. शेजाऱ्यानेच त्याचं वजन वाढवलंय.)

राजवायूंचा विषय निघालाच आहे तर आपल्या घरचीही एक गोष्ट तपासू. हेलियमचा शोध लॉक्यरने विजयदुर्गावरून लावला, असं आपल्याकडे बरेचदा छापून येतं. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाचा पट्टा कोकणातून गेला हे खरं. जान्सेन गुंटूरला होता, धाकटा हर्शेल जमखंडीला होता. लॉक्यर मात्र त्या दिवशी इंग्लंडमध्ये होता. त्याने २० ऑक्टोबरला तिथूनच, ग्रहणाशिवाय, सूर्याच्या कडेची ती पिवळी रेषा पाहिली. ग्रहणाशिवाय पाहता येणं हीच त्याची कामगिरी होती, आणि विजयदुर्गाची कथा नेमकी तीच पुसून टाकते.

भाकितांबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण धडा त्यावर पुरेसा बोलतो. एका-ॲल्युमिनियम ते गॅलियम, एका-सिलिकॉन ते जर्मेनियम. शेजारी शेजारी स्तंभ, आकडे जुळलेले. त्यात गॅलियमची घनता ही खरी शिकण्याची जागा आहे. लकॉक द ब्वाबोद्रांने पहिल्यांदा ४.७ मोजली, मेंडेलीव्हने, ज्याने गॅलियम हातात धरलंही नव्हतं, कळवलं की ती ५.९ च्या आसपास यायला हवी, नमुना पुन्हा शुद्ध करा. केला. ५.९ आली. पण याच माणसाने शेवटच्या वर्षांत ईथर हे हायड्रोजनपेक्षा लाखो पटींनी हलकं, राजवायूंच्या गणातलं मूलद्रव्य असावं असं मांडलं, आणि ‘कोरोनियम’लाही जागा राखून ठेवली. दोन्ही कधी सापडली नाहीत, सापडणारही नव्हती. फसलेली भाकितं धड्यात नसतात. आणि १८८२ मध्ये रॉयल सोसायटीने डेव्ही पदक दिलं ते मेंडेलीव्ह आणि लोथार मायर या दोघांना, अणुवस्तुमानांमधल्या आवर्ती संबंधासाठी. गौरवात भाकितांचा उल्लेख नव्हता. ज्ञात असलेल्या साठेक मूलद्रव्यांची घडी नीट बसवणं हेच त्या लोकांना पुरेसं मोठं काम वाटलं असावं. मला ते पटतं. (‘एका’ हा उपसर्ग संस्कृत ‘एक’वरून आहे, हो. त्यावरून व्हॉट्सॲपवर जे पुढे फिरतं, त्याला उपसर्गापलीकडे ताणू नका.)

मोस्लेला धडा दोन ओळी देतो. हेन्री मोस्लेने १९१३-१४ मध्ये एकामागून एक मूलद्रव्यांचे क्ष-किरण मोजले. वारंवारतेचं वर्गमूळ काढलं की प्रत्येक मूलद्रव्यागणिक ते सारख्या पायरीने वाढतं. कोबाल्ट २७, निकेल २८. वजन निकेलचंच किंचित कमी, पण पायरी कोबाल्टची आधी. वाद तिथे मिटला. रांगेत ४३, ६१ आणि ७५ या पायऱ्या रिकाम्या दिसल्या आणि पुढे त्या भरल्याही गेल्या. माझा आक्षेप ‘अणुवस्तुमानाऐवजी अणुअंक घेतल्याने सर्व त्रुटी दूर झाल्या’ या सुरावर आहे. अणुअंक रांग पक्की करतो. रांग कुठे मोडून नवी ओळ सुरू करायची आणि कोणाला कोणाखाली बसवायचं, हे अणुअंक सांगत नाही. म्हणूनच हायड्रोजनचा प्रश्न आजही जिवंत आहे. तिसऱ्या गणात यिट्रियमखाली लँथनम की ल्युटेशियम, यावर आयुपॅकला २०१५ मध्ये गट नेमावा लागला. २०२१ च्या त्यांच्या तात्पुरत्या अहवालाचा कल ल्युटेशियमकडे आहे. तुमच्या विभागातल्या भिंतीवरचा तक्ता काय म्हणतो ते जाऊन बघा. दोन वेगवेगळ्या प्रकाशनांचे तक्ते असतील तर आणखी उत्तम.

मोस्ले १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. आपल्यातले बरेच जण त्या वयात सिनॉप्सिस लिहीत असतात.

मग धडा कसा असावा? मला लांबलचक इतिहास नको आहे. चार मुद्द्यांचे ‘गुण’ आणि तीन मुद्द्यांच्या ‘त्रुटी’ काढून टाका आणि तेवढ्याच पानांत दोन मूलद्रव्यं नीट सोडवा, आकड्यांसकट. पुस्तक बदलेल तेव्हा बदलेल. तुम्हाला थांबायची गरज नाही. कागद घ्या.

इंडियम. इक्विव्हॅलंट वेट ३७.८, त्या काळातलं. ते जस्ताच्या खनिजात सापडलं म्हणून जस्तासारखी संयुजा २ धरली गेली: ७५.६. शेजारी आर्सेनिक ७५, सेलेनियम ७९. संयुजा ३ धरली तर ११३.४, शेजारी कॅडमियम ११२, कथिल ११८. मेंडेलीव्हने ३ निवडली. बुन्सेनने १८७० मध्ये बर्फाच्या कॅलरीमापीने इंडियमची विशिष्ट उष्णता मोजली: ०.०५७ कॅलरी प्रति ग्रॅम. ड्यूलाँग-पेटिटचा स्थिरांक या एककात साधारण ६.४. गुणून बघा, कुठली संयुजा पास होते.

झालं? आता हेही ध्यानात घ्या की दहा वर्षांनी हाच नियम बेरिलियमच्या बाबतीत चुकीची साक्ष देणार आहे, आणि का, हे आइन्स्टाइनपर्यंत कोणाला कळणार नाही. तुम्ही १८८० मध्ये बसला आहात. इंडियमची साक्ष ठेवायची की सोडायची, आणि ठेवली तर बेरिलियमची कशी नाकारायची, हे दोन परिच्छेदांत लिहून काढा. ‘सारणी सांगते म्हणून’ हे उत्तर चालणार नाही.